सिस्टरना विचारा : ऑपरेशननंतरच्या उलट्या आणि घरच्यांची वही

प्रश्न : सिस्टर, सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. पत्नीचं वय ३८. मधुमेह, गुडघेदुखी, वजन ११८ किलो. दहा वर्षांत सगळे डाएट करून झाले. शेवटी दहा आठवड्यांपूर्वी पुण्यात तिचं वजन कमी करायचं ऑपरेशन केलं, ‘स्लीव्ह’ म्हणतात ते. पहिला दीड महिना ठीक गेला. आता वजन ९४ आहे. पण गेले तीन आठवडे खाईल ते उलटून पडतंय. पेज, ताक, कधी नुसतं पाणीसुद्धा. रुग्णालयात फोन केला तर ‘हळू खायला सांगा, सवय होईल’ म्हणाले. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणासाठी दोनदा ग्लुकोजची बाटली लावली. चार दिवसांपासून ती भिंतीला धरून चालते. परवा म्हणाली, अंगणातली तुळस दोन दोन दिसते. केस मूठ मूठ गळतात. रात्री दिवा न लावता स्वयंपाकघरात बसून राहते. माझी आई म्हणते, ‘देवानं दिलेलं पोट कापून घेतलं, आता भोगा.’ ऑपरेशनच्या कागदावर सही माझी आहे. मी तिला धीर कसा देऊ?
– एक शिक्षक

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दुपारी साडेतीनला उघडलं. ‘तुळस दोन दोन दिसते’ इथवर आले आणि पत्र बाजूला ठेवून त्यावरच्या नंबरला फोन लावला. आईंचं, सहीचं, धीराचं सगळं मी नंतर वाचलं. फोनवर आपण काय बोललो ते तुमच्या परवानगीने इथे छापते आहे. हा अंक हातात घेणाऱ्या एखाद्या घरात आत्ता असंच कुणीतरी भिंतीला धरून चालत असेल, आणि त्या घराचा नंबर माझ्याकडे नाही.

मी तुम्हाला म्हणाले, उद्या सकाळची एसटी नको, आत्ता निघा. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘अशक्तपणा आहे’ हे बोलू नका. असं बोला : ‘दहा आठवड्यांपूर्वी स्लीव्ह झालंय, तीन आठवडे उलट्या आहेत, तोल जातोय, दोन दोन दिसतंय. बी-१ कमी झालं असेल का? ग्लुकोज लावायच्या आधी बी-१ द्याल का?’ तुम्ही ते खडूने लिहावं तसं कागदावर उतरवून घेतलंत. मागून वहिनींचा आवाज आला, ‘कोण आहे?’ एवढ्या दोन शब्दांतसुद्धा जीभ जड वाटत होती.

आता हे बी-१ काय ते सांगते. थायमिन हे त्याचं दुसरं नाव. बी-१२ चा साठा शरीरात कणगीसारखा असतो, वर्षानुवर्षं पुरतो. बी-१ चा मात्र छोटा डबा. रोज भरावा लागतो, नाहीतर दोन-तीन आठवड्यांत तळ दिसतो. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. सुरुवातीला त्यात चहाच्या कपाएवढंही मावत नाही. त्यातून जे आत जातं ते पांढऱ्या पॉलिशच्या तांदळाची पेज, म्हणजे बी-१ जवळजवळ नाहीच. तेही उलटून पडतं, आणि व्हिटॅमिनची गोळीही त्याबरोबर जाते. डबा रिकामा व्हायला तीन आठवडे म्हणजे भरपूर झाले.

ग्लुकोजच्या बाटलीबद्दल मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडे अशक्तपणा आला की बाटली लावायची, ही डॉक्टरांइतकीच आपलीही सवय आहे. बाटली लावली नाही तर आपल्यालाच उपचार झाल्यासारखं वाटत नाही. पण ग्लुकोज जाळायला शरीराला बी-१ लागतं. ते संपत आलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलंही त्यातच खर्च होतं आणि मेंदूच्या वाट्याला काही राहत नाही. म्हणून आधी बी-१ शिरेतून, मग ग्लुकोज. निदान दोन्ही बरोबर. तेही रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता, नुसत्या संशयावरून देतात. बी-कॉम्प्लेक्सच्या एका गोळीने हे भागत नाही, आणि उलट्या होत असताना गोळी पोटात टिकतेय कुठे? गावातल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. हे ऑपरेशन झालेला पेशंट त्यांच्या पाहण्यात वर्षाकाठी एखादा येत असेल. पण म्हणूनच घरच्याने तोंड उघडायला हवं.

तोल जाणं, डोळ्यांना दोन दिसणं किंवा बुबुळं थरथरणं, आणि बोलण्या-वागण्यात गोंधळ, ही त्याची तीन मोठी लक्षणं. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, एकावरही धावायचं. या आजाराला वर्निकेंचं नाव आहे. पुष्कळांना, काही डॉक्टरांनासुद्धा, तो फक्त दारूचा आजार वाटतो. पण कार्ल वर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८८१ साली तो मांडला तेव्हा त्यांच्या तीन रुग्णांपैकी एक शिवणकाम करणारी तरुण मुलगी होती. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं, त्याने जठराची पुढची वाट आकसली होती आणि तिच्या उलट्या थांबत नव्हत्या. म्हणजे उलट्या आणि हा आजार यांचं नातं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. वहिनींना कुणी ‘दारू घेतात का?’ असं विचारलं तर चिडू नका. ‘नाही, उलट्या होतात,’ एवढंच सांगा आणि सांगत राहा.

त्या रात्री सोलापुरात वहिनींना शिरेतून बी-१ सुरू झालं. तिसऱ्या दिवशी तुम्ही फोन करून म्हणालात, ‘सिस्टर, ती म्हणते घड्याळ एकच आहे.’ मी तेव्हा भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिले. नंतर दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा जठराच्या नळीला बाकाजवळ आवळण पडलेली सापडली आणि फुग्याने ती रुंद केली. उलट्यांचं मूळ ते होतं. वहिनी हळू खात नव्हत्या म्हणून काही ते झालं नव्हतं. तीन आठवडे त्यांना घरात, फोनवर, सगळीकडून ‘हळू खा’ ऐकावं लागलं. शक्य असेल तर त्याबद्दल त्यांची माफी मागा. सगळ्यांच्या वतीने.

डोळे लवकर सुधारतात. चालणं मात्र महिनोन्‌महिने घेतं, पायाच्या मुंग्याही. विसरायला झालं तर ते अंगावर काढू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना सांगा. सगळं पूर्ववत होईल असं वचन मी देणार नाही. वेळेवर पोचलात, एवढं मात्र खरं.

मी एवढी तावातावाने का बोलते ते सांगायला हवं. एकतीस वर्षं मी सर्जिकल वॉर्डात नोकरी केली. २०१२ साली माझ्या धाकट्या बहिणीचं वजन कमी करायचंच, पण बायपास पद्धतीचं ऑपरेशन झालं. त्यात जठर छोटं करून ते पुढच्या आतड्याला जोडतात. पाचव्या आठवड्यापासून तिला उलट्या. तिला मी म्हणाले, ‘उलटीला घाबरायचं नाही गं, होतं सुरुवातीला.’ मीच म्हणाले. एक दिवस ती अंगणातून स्वयंपाकघरात आली, पाट ओढून बसली, आणि माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. आमच्या घरात चप्पल घालून स्वयंपाकघरात कुणी येत नाही, म्हणून आधी मला तेवढंच खटकलं. मी म्हणाले, ‘अगं, चप्पल.’ तिने खाली पाहिलं आणि दचकली. एक चप्पल पायात आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि दुसरी कुठे गळून पडली हेही कळलं नव्हतं. दुसरी तुळशीवृंदावनाजवळ पालथी पडलेली होती. पाय बधीर झाले होते तिचे. मधुमेहाच्या पेशंटची चप्पल अशी गळते, हे मी वॉर्डातल्या मुलींना शिकवत आले होते. घरात तेच माझ्यासमोर घडत होतं आणि मी ‘होतं सुरुवातीला’ म्हणत बसले होते. ती आज चालते, पण पायऱ्या उतरताना कठडा लागतो. म्हणून आता मी उलट्यांच्या बाबतीत कुणालाही ‘होतं सुरुवातीला’ म्हणत नाही. नवीन पेशंटला एखाद-दुसरी उलटी होते, घास मोठा झाला, घाई झाली तर होते. पण दोन दिवस पाणी टिकत नसेल, तर तो सर्जनने पेशंटला समोर बसवून पाहायचा विषय आहे, फोनवरचा नाही.

आता घरी करायचं काय. एक वही करा. शाळेची दोनशे पानी चालेल. काय खाल्लं, किती चमचे, किती वाजता, किती वेळाने उलटून पडलं, घोटघोट मिळून पाणी किती गेलं, लघवीचा रंग कसा, वजन, कोणती गोळी पोटात राहिली. ‘सारख्या उलट्या होतात’ हे ऐकून घेणारे डॉक्टर खूप आहेत, पण ‘काल अकरा वेळा, त्यांतल्या सहा नुसत्या पाण्याच्या’ हे ऐकल्यावर ते हातातलं पेन खाली ठेवतात. मी वॉर्डात हे रोज पाहिलंय. मात्र वही वहिनींच्या समोर उघडी ठेवा. लपून लिहिलीत तर त्यांना पहारा बसवल्यासारखं वाटेल. त्यांना बरं वाटेल तेव्हा त्यांनाच लिहू द्या.

वहीच्या पुठ्ठ्याला डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद चिकटवा. स्लीव्ह की बायपास, आतडं कुठे जोडलंय, हे कळल्याशिवाय दुसऱ्या गावचा सर्जन काहीच ठरवू शकत नाही. रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय नकोत, त्यांनी जठराला जखम होते. मेडिकलवाला अंगदुखीला पटकन तीच पट्टी काढून देतो.

ताप, नाडी मिनिटाला १२० च्या वर, धाप, पोटात किंवा डाव्या खांद्यात न थांबणारी कळ, काळी शी, एकाच पोटरीला सूज, यांतलं काहीही झालं तर रात्र असो वा दिवाळी, निघायचं. उजव्या बरगडीखाली कळ येऊन उलटी झाली तर पित्ताशयाची सोनोग्राफी करा. वजन भराभर उतरताना खडे होतात.

जेवणाचं आहारतज्ज्ञ सांगतीलच, मी घरातल्या दोन गोष्टी सांगते. वरणाचं वरचं पाणी म्हणजे प्रथिनं नव्हेत. आई, सासू, आत्या सगळ्या मायेने तेच पाजतात. आवळण काढल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की घोटलेलं दाट वरण, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं, दह्याचा चक्का. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हे साधारण उद्दिष्ट असतं आणि सुरुवातीला पावडरीशिवाय ते गाठत नाही. दुसरं म्हणजे ताटाजवळचा तांब्या उचला. जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. समोर तांब्या असला की हात जातोच, मग तुम्ही त्यांना अडवता म्हणून तुमच्यात वाद. तांब्याच नको तिथे.

केसांचं त्यांना स्पष्ट सांगा. तिसऱ्या महिन्याच्या आसपास पुष्कळांचे गळतात आणि पोषण सुधारलं की काही महिन्यांत पुन्हा येतात. कंगव्यातला गुंता तुम्ही उचलून टाका, रोज त्यांना पाहायला लागू नये.

रात्री दिवा न लावता बसणं मला केसांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. एवढ्या वर्षांचा खाण्याचा आधार गेला, अंगात त्राण नाही, वर ‘भोगा’. या ऑपरेशननंतर काहींचं मन फार खाली जातं, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत. तुम्ही शेजारी जाऊन बसा आणि सरळ विचारा, ‘जगणं नको वाटतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने तो बाहेर येतो. ‘हो’ म्हणाल्या तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आईंबद्दल. त्यांना समजावत बसू नका, त्यांना काम द्या. वहिनींचे ब्लाउज आता ढगळ झाले असतील, ते उसवून आत घ्यायला आईंना सांगा. शिवण घालताना सून समोर उभी राहणार, माप घेताना हात लागणार, आणि चोवीस किलो म्हणजे काय ते त्या हातांना कळणार. तुम्ही म्हणालात, आईंचा डोळा अजून सुईत दोरा ओवतो. मग झालं तर. तरीही ‘भोगा’ आलंच, तर त्याच क्षणी, वहिनींच्या देखत बोला : ‘आई, तिला मधुमेह होता, चालता येत नव्हतं, आम्ही दोघांनी मिळून उपचार घेतला.’ मागाहून आईला एकटीला सांगितलेलं वहिनींपर्यंत पोचत नाही.

आणि सही. त्या कागदावर वहिनींचीही सही आहे, हे विसरू नका. निर्णय त्यांचा होता, तुम्ही साथ दिलीत. ‘माझ्यामुळे झालं’ असं रोज म्हणत राहिलात तर त्या आजारी माणसाला तुम्हालाच समजवत बसावं लागेल. त्यापेक्षा आठवड्यातून एक रात्र बहिणीला किंवा मेहुणीला बोलवा आणि झोपा. झोप नसलेल्या माणसाच्या हातून वहीतल्या वेळा चुकतात.

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या दिरांचं दोन वर्षांपूर्वी बायपासचं ऑपरेशन झालं. वजन छान उतरलं. पण हल्ली लग्नाकार्यात जेवून आले की दोन तासांनी त्यांना दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, अडखळत बोलतात. गुढीपाडव्याला श्रीखंडानंतर तेच. मामंजी म्हणतात पिऊन आलाय. ते शपथ घेतात. खरं काय समजावं?
– एक वहिनी, जळगाव

उत्तर : वहिनी, तुम्ही दिलेल्या वेळेवरून मला त्यांची शपथ खरी वाटते. बायपासनंतर गोड पदार्थ जठरात थांबत नाही, थेट आतड्यात उतरतो. साखर एकदम चढते, शरीर इन्शुलिन जास्तीचं सोडतं आणि एक ते तीन तासांत साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, अडखळणं हे त्याचंच. अर्ध्या तासाच्या आत पोटात गोळा, धडधड, जुलाब होत असतील तर तो वेगळा प्रकार, ते वहीत वेगळं लिहा.

खात्री करायला घरात ग्लुकोमीटर ठेवा. थरथर सुरू होताच बोट टोचा, आकडा लिहा, मग साखरपाणी द्या, आणि पंधरा मिनिटांनी शेंगदाणे किंवा पनीर असं काहीतरी, नाहीतर पुन्हा खाली येते. तो आकडा मामंजींना दाखवा, शपथेपेक्षा त्याने काम होईल. असं झाल्यावर दुचाकी नाही म्हणजे नाही. सर्जन आणि मधुमेहाचे डॉक्टर दोघांनाही दाखवा, औषधं आहेत. पंगतीत आधी वरण, उसळ, पनीर, आणि गोडाचा आग्रह झाला तर वाटी तुम्ही उचलून स्वतःच्या ताटात घ्या. वहिनीने उचलली तर कुणी काही बोलत नाही.

मामंजींच्या शंकेबद्दलही एक सांगून ठेवते. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जोरात चढते, पूर्वी सोसायची तेवढी आता सोसत नाही, आणि काहींना नव्याने सवय लागते. तसं काही असेल तर दिरांनी ते डॉक्टरांना एकट्यात सांगावं, तुमच्यासमोर नको. शिवाय कधी पोटात मुरडा येऊन कळ थांबेनाशी झाली, तर दोन वर्षं झाली म्हणून ‘गॅस असेल’ म्हणू नका. बायपासनंतर आतडं आतल्या आत अडकू शकतं, कितीही वर्षांनी. त्याच रात्री सर्जन गाठा.

पुढच्या पत्रात चार-पाच वेळचे आकडे आणि त्याआधी काय खाल्लं होतं ते लिहून पाठवा.